गावाचा संडास, गावाची चूल

दोन काळज्या

माणसाच्या मागे दोन काळज्या रोजच्या आहेत. पोटात घालायचे ते शिजवायचे कशावर, ही एक. पोटातून बाहेर पडते ते टाकायचे कुठे, ही दुसरी.

आता पुष्कळ घरांत संडास झाला आहे. गॅसचे सिलिंडरही आले आहे. पण घराबाहेर पडून बघा. बाजाराच्या दिवशी चार गावची माणसे जमतात. त्यांनी जायचे कुठे? आश्रमशाळेत मुले राहतात. ऊस तोडायला आलेल्या मजुरांच्या कोप्या कारखान्याजवळ पडतात. अशा ठिकाणी बाया अंधार पडायची वाट बघतात. दिवसभर पाणी कमी पितात. त्याने लघवीचे दुखणे मागे लागते. लाजेपायी ते दुखणेही कुणाला सांगत नाहीत.

आणि तिथेच बघा, मोठ्या पातेल्याखाली मोळीच्या मोळी जळत असते. नाहीतर सिलिंडर संपले म्हणून पैशाची ओढाताण चाललेली असते.

या दोन्ही काळज्यांना एकाच लहानशा इमारतीत हात घालता येतो. एका बाजूला संडास, मध्ये जमिनीत गॅसची टाकी, दुसऱ्या बाजूला चूल. हे ऐकून काही जण नाक मुरडतील. मुरडू द्या. पण पुढचे वाचल्यावाचून पुस्तक मिटू नका.

घाण म्हणजे काय?

शेणाने अंगण सारवले तर घर प्रसन्न दिसते. तेच शेण ताटाशेजारी पडले तर आपण म्हणतो, घाण पडली. शेण तेच. फक्त जागा चुकली.

मैल्याचेही असेच आहे. तो उघड्यावर पडला की त्यावर माश्या बसतात. त्याच माश्या मग आपल्या भाकरीवर बसतात. पाऊस आला की तो वाहत ओढ्याला, विहिरीला जातो. मग हगवण येते, पटकी येते, कावीळ येते, विषमज्वर येतो. मुलांच्या पोटात जंत होतात. खाल्लेले अंगी लागत नाही.

तोच मैला मातीआड गेला आणि तिथे पुरता कुजला, तर त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. त्याला वास राहत नाही. आपल्या जुन्या माणसांनी त्याला नावच दिले आहे सोनखत. उगीच सोने म्हटलेले नाही.

आणि तोच मैला बंद टाकीत, हवा न लागता कुजला, तर खताबरोबर गॅसही मिळतो. डोळ्यांना न दिसणारे काही जीव हवेवाचून जगतात. ते मैला, शेण, खरकटे खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो जळतो. बाकीचा बहुतेक कर्बवायू असतो. तो जळत नाही.

लघवीही वाया घालवण्याजोगी नाही. पिकाला जे नत्र लागते, जे आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो, ते लघवीत भरपूर असते. एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत साधारण २ ते ४ किलो नत्र असते. तिच्यात पाच ते दहा पट पाणी घालून ती झाडांच्या बुडाशी जमिनीत दिली तर झाड जोर धरते.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ असे आपण म्हणतो. पण बारा वर्षे थांबायचे कशाला? नीट बांधले तर दीड-दोन महिन्यांत चूल पेटते.

उचलायचे कोणी?

ही विद्या नवी नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान होते. तिथे १८९७ साली मैल्याच्या टाकीतला गॅस दिव्यांसाठी वापरला होता. पुढे जशभाई पटेल यांनी शेणाच्या गॅसचे संयंत्र सुधारले. त्यावर लोखंडी झाकण तरंगते. गॅस साठला की ते वर येते, वापरला की खाली बसते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते १९६० नंतरच्या वर्षांत गावोगाव नेले.

मग मैल्याचा गॅस सगळीकडे का झाला नाही? कारण शेणाला हात लावायला आपण तयार असतो, मैल्याला नाही. तो उचलायचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या डोक्यावर ठेवले. टोपली तिच्या डोक्यावर आणि विटाळही तिलाच. घाण करणारा शुद्ध, आणि ती काढणारा अशुद्ध! असा उलटा न्याय आपण चालवला.

कोकणात एक माणूस या न्यायाविरुद्ध उभा राहिला. अप्पासाहेब पटवर्धन हे त्यांचे नाव. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते स्वातंत्र्याच्या लढ्यात रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला साफ करण्याचे काम जातीवरून दिले जाई. अप्पासाहेब जन्माने ब्राह्मण. ते म्हणाले, “ते काम मला द्या.” तुरुंगाने नाही म्हटले. अप्पासाहेबांनी अन्न सोडले. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना हे कळले, तेव्हा डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही उपोषण धरले. या प्रश्नाचा विचार करू असे सरकारने कबूल केल्यावर उपोषण सुटले.

एका माणसाने घाण काढायचा हक्क मागावा आणि त्यासाठी उपाशी राहावे! आणि हे किती खोलवर रुजलेले होते ते बघा. तुरुंगात जातीवरून काम वाटणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ साली.

अप्पासाहेब पुढे एक पायरी वर गेले. स्वतः टोपली उचलणे चांगले. पण टोपलीच लागू नये, हे त्याहून चांगले. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे साधे संडास बांधले. मैला खड्ड्यात पडावा, तिथेच त्याचे खत व्हावे, आणि कुणालाही ताज्या मैल्याला हात लावावा लागू नये, ही त्यांची दृष्टी.

पुण्याजवळच्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकर हे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणून आले. १९६० च्या आगेमागेची ही गोष्ट. दवाखान्यात येणारे पुष्कळ रोग मैल्यातून येतात, हे त्यांनी पाहिले. औषध देऊन रोगी घरी जाई आणि पुन्हा त्याच दुखण्याने परत येई. म्हणून त्यांनी संडासांचे काम हाती घेतले. सुरुवातीचे संडास पावसाळ्यात ढासळले. पण त्यांनी काम सोडले नाही. अप्पासाहेबांकडून ते शिकले. पुढे संडासाला गॅसची टाकी जोडण्याचे काम त्यांनी देहूत केले. त्यांच्या संयंत्राचे नाव ‘मलप्रभा’. मलातून प्रभा, म्हणजे उजेड! त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या दोघांकडून आपण एक कसोटी घेऊ. इमारत कितीही देखणी असो. ती वापरताना, साफ करताना, रिकामी करताना कुणा माणसाला ताजा मैला हाताळावा लागत असेल, तर ती इमारत नापास.

जागा आणि पाणी

आता इमारत कशी बांधायची ते बघू. गवंड्याला बोलावण्याआधी जागा ठरवा.

जागा उंचवट्यावर असावी. पावसाचे पाणी तिथे तुंबू नये. विहीर, हातपंप, तळे यांपासून खड्डे निदान १० मीटर लांब असावेत. जमीन वाळूची असेल, नाहीतर खाली भेगांचा खडक असेल, तर याहून पुष्कळ लांब. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा निदान २ मीटर वर राहिला पाहिजे. ही पातळी उन्हाळ्यात मापू नका. पावसाळ्यात मापा. उन्हाळ्यातली विहीर आपल्याला फसवते.

जागा फार आडबाजूलाही नको. वाट अंधाराची असली की बाया जाणार नाहीत. मग इमारत ओस पडेल.

भांडे तीव्र उताराचे घ्या. असल्या भांड्यातून दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. भांड्याखाली वाकडी नळी असते. तिच्यात थोडे पाणी अडून राहते. ते पाणी म्हणजे झाकण. त्यामुळे वास वर येत नाही आणि माशी खाली जात नाही.

पाणी कुठून आणायचे? छपराकडे बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर ४० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरा. २४,००० लिटर पाणी झाले. गळती-उडती सोडून २०,००० लिटर तरी हौदात येईल. वर्षभराला हे पुरणार नाही. पण तेवढाच विहिरीवरचा भार हलका होईल.

दोन खड्डे की गॅसची टाकी?

इथे गावाने विचार करून निवड करावी.

माणसे थोडी असतील, किंवा रोज लक्ष द्यायला कुणी नसेल, तर दोन खड्ड्यांचा संडास बरा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. खड्ड्याच्या भिंतीत भोके ठेवतात. त्यातून पाणी जमिनीत मुरते. मैला आत राहतो. एक खड्डा भरला की त्याची वाट बंद करायची आणि दुसऱ्याची उघडायची. भरलेला खड्डा निदान दीड ते दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. उघडाल तेव्हा मैला दिसणार नाही. माती दिसेल. ती फावड्याने काढा आणि शेतात घाला. इथे गॅस मिळत नाही. पण बिघडण्यासारखेही फारसे काही नाही.

माणसे रोज शंभराच्या घरात असतील, आणि जवळ रोज पेटणारी मोठी चूल असेल, तर गॅसची टाकी परवडते. आश्रमशाळा, वसतिगृह, धर्मशाळा ही त्यासाठी योग्य ठिकाणे. यात्रेचे मैदान मात्र योग्य नव्हे. टाकीतल्या जीवांना रोज खायला लागते. वर्षातून चार दिवस जेवण आणि बाकी उपास, हे त्यांना मानवत नाही. तिथे दोन खड्डेच बरे.

मांडणी अशी करा. संडासांची ओळ टाकीच्या कडेने असावी. नळ्या सरळ आणि उताराच्या असाव्यात. मैला आपल्या वजनाने थेट टाकीत उतरावा. मध्ये कुठे तो काढून टाकायची पाळी येऊ नये. टाकीच्या पलीकडे कालव्याचा हौद. टाकीतून कुजून बाहेर पडते त्या पातळ काल्याला शेतकरी स्लरी म्हणतात. चूल त्याच्या विरुद्ध बाजूला. गॅसला जोर कमी असतो. म्हणून चूल टाकीपासून २० मीटरच्या आत असावी. नळीत वाफेचे पाणी साठते. ते सोडायला एक लहान तोटी ठेवावी. शेगडी या गॅससाठीच केलेली हवी. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत नीट लागत नाही.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी टाकीत सोडू नका. साबण टाकीतल्या जीवांना मारतो. ते पाणी वेगळ्या नालीने केळी, कर्दळ, अळू यांना द्या. मुतारीची नालीही वेगळी ठेवा आणि झाकणाच्या टाकीत न्या. ते पाणी घालून बागेला जाईल.

बायांच्या बाजूचे दार वेगळे हवे. आतून पक्की कडी हवी. दिवा हवा. एक खोली रुंद ठेवा. तिच्यात बसायला उंच भांडे आणि धरायला दांडा असावा. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बाईला, अपंगाला तिचा आधार होतो. पाळीचे कापड आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवा. ते भांड्यात गेले तर नळी तुंबते.

हिशेब मांडून बघू

आता पाटी-पेन्सिल घ्या. हिशेब सोपा आहे.

एका माणसाच्या एका दिवसाच्या मैल्यातून साधारण १ घनफूट गॅस मिळतो. म्हणजे सुमारे २८ लिटर. शंभर माणसे रोज वापरतात असे धरा. म्हणजे २,८०० लिटर गॅस झाला.

एका माणसाच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला रोज साधारण २५० ते ३०० लिटर गॅस लागतो. म्हणजे शंभर माणसांच्या मैल्यावर दहा माणसांचा स्वयंपाक होतो. शंभरांचा होत नाही. हे आम्ही आधीच सांगतो. कुणी येऊन म्हणेल, “टाकी बांधा, सगळा स्वयंपाक फुकट!” त्याला हा हिशेब दाखवा.

पण दहाही थोडे नव्हेत. तेवढ्या गॅसने रोज सुमारे १० किलो लाकूड वाचते. दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी डोक्यावरची एक मोळी उतरली.

गॅस वाढवायचा असेल तर टाकीला आणखी खायला घाला. एक मोठे जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देते. पाच जनावरांचे ५० किलो शेण तितकेच पाणी घालून कालवले आणि टाकीत सोडले, तर आणखी सुमारे २,००० लिटर गॅस मिळतो. मग सोळा-सतरा माणसांचे भागते. शिळा भात, भाकरीचे तुकडे, कण्या-कोंडा हे तर किलोमागे शेणापेक्षा कितीतरी पट गॅस देतात. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली अशा खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र केले. २००६ साली संस्थेला त्यासाठी अ‍ॅश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण खरकटेही जपून घालावे. एकदम फार घातले तर टाकी आंबते. माणसासारखेच टाकीलाही अजीर्ण होते.

आता टाकी केवढी? एका माणसामागे मैला, धुण्याचे पाणी आणि ओतायचे पाणी मिळून दिवसाला साधारण साडेचार लिटर धरा. शंभर माणसांचे ४५० लिटर झाले. हा माल टाकीत निदान ४५ दिवस राहिला पाहिजे. ४५० ला ४५ ने गुणा. सुमारे २०,००० लिटरची टाकी लागेल. शेण घालणार असाल तर आणखी ४,५०० लिटर वाढवा. गॅसला जागा लागेल ती वेगळी.

आता गंमत बघा. प्रत्येकाने तांब्याशिवाय आणखी १० लिटरची बादली ओतली तर काय होईल? रोज आणखी १,००० लिटर पाणी टाकीत जाईल. मग माल ४५ दिवस राहायचा तो पंधरवड्यातच बाहेर पडेल. गॅस कमी, आणि बाहेर पडलेला काला कच्चा. म्हणून दारावर लिहून ठेवा: ‘पाणी बेताने ओता.’ हे कंजूषपणाने सांगत नाही. टाकीच्या पोटासाठी सांगतो.

शंका

“मैल्याच्या गॅसवर शिजलेलं अन्न कसं खायचं? देवाला नैवेद्य कसा दाखवायचा?”

ही शंका खोटी नाही. मनाला वाटते ते वाटते. पण विचार करा. आपण वांगी खातो. वांग्याच्या मुळाशी शेण असते. ऊस गोड लागतो. त्याच्या मुळाशी उकिरड्याचे खत असते. गॅस तर मातीहूनही लांबची गोष्ट. मैल्याचा कणही भांड्याला लागत नाही. गॅस नळीतून येतो, निळा जळतो आणि संपतो. गोवरीच्या आणि लाकडाच्या धुराने बाईचे डोळे जातात, छाती भरते. या ज्योतीला धूर नाही. तरीही गावाचे मन तयार नसेल, तर सुरुवात चहाने आणि अंघोळीच्या पाण्याने करा. जबरदस्ती करू नका. मन वळायला वेळ लागतो.

“काला थेट भाजीला घालू का?”

नको. टाकीतून निघालेल्या काल्यात सगळे रोगजंतू मेलेले नसतात. जंतांची अंडी तर फार चिवट असतात. काला पालापाचोळा आणि काडीकचऱ्याबरोबर थराथराने खड्ड्यात घाला. मातीने झाका. निदान वर्षभर कुजू द्या. मग ते खत शेताला, फळझाडांना घाला. कोथिंबीर, मुळा, काकडी असले कच्चे खायचे जिन्नस यापासून दूरच ठेवा.

“टाकी फुटते का हो?”

नीट बांधलेली फुटत नाही. पण गॅस तो गॅस. नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा. बुडबुडा आला म्हणजे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधू नका. सुरुवातीला गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पहिला गॅस बाहेर मोकळ्यावर सोडून द्या. स्वयंपाकघराला खिडकी हवी. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आधी तोटी बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा.

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. टाकीत कुणीही उतरायचे नाही. आतली हवा विषारी असते. एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा कितीतरी बातम्या येतात. माणसांकडून मैला वाहवण्याचे काम १९९३ च्या कायद्याने बंद केले. २०१३ चा कायदा आणखी कडक आहे. साधने दिल्यावाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. गाळ काढायचा तर यंत्राने काढा. टाकी बांधतानाच यंत्राची नळी जाईल असे तोंड ठेवा.

इमारत कशाने मरते?

सार्वजनिक संडास बांधल्याच्या वर्षी स्वच्छ असतो. दुसऱ्या वर्षी कडी तुटते. तिसऱ्या वर्षी कुलूप लागते. असे आपण पुष्कळ पाहिले आहे. विटा चांगल्या होत्या, सिमेंटही बरे होते. मग काय चुकले? ती इमारत कुणाचीच नव्हती.

म्हणून पहिली वीट बसण्याआधी चार गोष्टी गावसभेत ठरल्या पाहिजेत.

पहिली, पैसा. बांधायला सरकारी योजनेतून मदत मिळू शकते. त्यासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करा. पण दरमहा झाडू, दिवा, दुरुस्ती यांना पैसा लागतो. तो खताच्या विक्रीतून थोडा येईल. वाचलेल्या जळणाचा पैसा वेगळा काढून ठेवता येईल. बाजाराच्या ठिकाणी वापरणाऱ्यांकडून थोडे पैसे घेता येतील. सुलभ या संस्थेने १९७४ साली पाटण्यात असे पैसे घेऊन चालणारे सार्वजनिक संडास सुरू केले आणि ते चालले. जमा-खर्च फळ्यावर लिहा. सगळ्यांना वाचता येऊ द्या. आता तुम्हालाही वाचता येते. तेव्हा विचारायला संकोच कसला?

दुसरी, सफाई. ब्रश आणि साधे पाणी एवढे रोजच्याला पुरे. फिनेल आणि अ‍ॅसिड टाकीत गेले तर आतले जीव मरतात आणि चूल विझते. ब्रश कोण धरणार? पगारी माणूस ठेवायचा तर त्याला पुरा पगार, हातमोजे, बूट आणि मान द्या. जात बघून माणूस ठेवू नका. आणि आळीपाळीने करायचे ठरले तर पाळी सरपंचापासून सुरू व्हावी. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्याआधी हातात खराटा घेत. मग लोकही खराटा घेत. नुसते सांगून ते झाले नसते.

तिसरी, बायांचे मत. दार कुठे, कडी कशी, दिवा कुठे, हे त्यांना विचारून ठरवा. चुलीची जागाही त्यांनाच विचारा. ज्यांना इमारत वापरायची आहे त्यांना न विचारता बांधली, तर ती नुसती दाखवायची होते.

चौथी, जबाबदार माणसे. एक बाई आणि एक पुरुष यांची नावे ठरवा. त्यांनी टाकीत शेण कालवणे, नळीतले पाणी सोडणे, काल्याचा खड्डा बदलणे शिकून घ्यावे. रोज किती वेळ चूल पेटली ते वहीत लिहावे. पेटायचा वेळ कमी होऊ लागला म्हणजे काहीतरी बिघडले आहे. ती वही म्हणजे टाकीची नाडी.

लक्षात ठेवा

मैल्यात खत आहे, गॅस आहे. तो मिळवायला मोठी विद्या लागत नाही. गवंड्याचे काम लागते, बेताचे पाणी लागते आणि रोजचे लक्ष लागते. शंभर माणसांच्या मैल्यावर दहा माणसांचा स्वयंपाक होतो. शेण आणि खरकटे घातले तर थोडा जास्त. पण या इमारतीची खरी कमाई लिटरमध्ये मोजता येत नाही. पोराची हगवण थांबली, ती कमाई. बाईला दिवसाउजेडी जाता आले, ती कमाई. एका माणसाच्या डोक्यावरची टोपली कायमची उतरली, ती सगळ्यांत मोठी कमाई.

तेव्हा पुढच्या गावसभेला जा. हात वर करा आणि विचारा:

आपल्या गावात रोज माणसे कुठे जमतात आणि तिथे संडास आहे का?
जवळ रोज पेटणारी मोठी चूल कुठे आहे?
पावसाळ्यात तिथल्या विहिरीचे पाणी किती वर येते?
शेण आणि खरकटे रोज किती मिळेल?
ब्रशाची पहिली पाळी कोण घेणार?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे दोरी, काठी आणि तराजूने मिळतील. पाचव्याचे उत्तर गावाने द्यायचे आहे. ते मिळाले म्हणजे गवंड्याला निरोप धाडा.